चष्मा खरंच स्वच्छ आहे का हे कसं तपासायचं, आणि त्यावरचे जंतू कसे काढायचे?

उजेडासमोर काच तिरकी धरली की बोटांचे ठसे दिसतात, जंतू दिसत नाहीत. प्रयोगशाळेत त्यासाठी स्वॅब (कापसाचा बोळा फिरवून नमुना) घेऊन कल्चर करतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघतात. एटीपी (सजीव पेशींमधलं एक रसायन) मोजणारा मीटर झटपट आकडा देतो खरा, पण तो एकूण सेंद्रिय मळाचा, नुसत्या जंतूंचा नव्हे. घरी हा खटाटोप कशाला?

खरा मळ साचतो नाकावरच्या पॅडना आणि कानामागे टेकणाऱ्या दांड्यांना, आणि नेमकं तेच कुणी धूत नाही! आधी नळाखाली धूळ घालवा, नाहीतर ओरखडे पडतील. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन बोटांनी सगळी फ्रेम चोळा, कोमट पाण्याने धुवा, मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा. तेलकटपणासोबत बरेचसे जंतूही वाहून जातात. लेन्सचे अल्कोहोल वाइप्स चालतात. ब्लीच, अमोनिया, अ‍ॅसिटोन नको. कोटिंग खराब होतं. आणि हो, ते पुसायचं फडकंही अधूनमधून धुवा.