थंडीत चेंडू तोकडा का पडतो?

प्रश्न : सैन्यात असताना छावणीच्या मैदानावर मला गोल्फचा नाद लागला. निवृत्तीनंतर आमच्या माळावर पावलांनी अंतर मोजून काठ्या रोवल्या आहेत आणि रोज पन्नासेक चेंडू मारतो. सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या डोक्याच्या क्लबने, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्याने) एरवी १४० मीटरच्या काठीपाशी जाणारा चेंडू डिसेंबरात सकाळी सातला १३० मीटरवरच थांबतो, दुपारी मात्र पूर्ववत जातो. हा जड हवेचा परिणाम समजावा की वयाचा?
— एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव तालुका (जि. सातारा)

उत्तर : दुपारी अंतर भरून निघते, यातच वयाच्या शंकेचे उत्तर आले; वय सकाळी वाढून दुपारी उतरत नाही. थंड हवा जड असते हे खरे, पण दहा मीटरांची सगळी तूट तिच्या नावावर टाकता येणार नाही.

दाब तोच असेल तर हवेची घनता केल्व्हिन मापातील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आपल्याकडे पहाटेचा पारा १२ अंशांवर आणि दुपारचा २८ अंशांवर धरला, तर हे आकडे २८५ आणि ३०१ होतात, म्हणजे सकाळची हवा सुमारे साडेपाच टक्के अधिक दाट असते. दाट हवा चेंडूला अडवते, त्याचबरोबर उलटी फिरकी घेत पुढे जाणाऱ्या चेंडूला थोडी अधिक उचलही देते. तरीही अखेर अडवणूकच वरचढ ठरते आणि सात नंबरच्या फटक्यात तीन-चार मीटर कमी होतात. तुलनेसाठी महाबळेश्वर घ्या. ते साताऱ्यापेक्षा सहाशे-सातशे मीटर उंच असल्यामुळे तेथील हवेचा दाब मुळातच कमी असतो. परिणामी महाबळेश्वरची १२ अंशांची गारठलेली सकाळ आणि साताऱ्याची ३२ अंशांची तापलेली दुपार यांतील हवा जवळजवळ सारखीच विरळ भरते. स्वेटर घालून उभ्या असलेल्या माणसाला हे पटणे अवघड आहे, पण गणित तसेच सांगते.

उरलेल्या सहा-सात मीटरांचा हिशेब जमिनीपाशी सुरू होतो. आपण चेंडू जेथे थांबतो तेथपर्यंतचे अंतर मोजता, तो जेथे टेकतो तेथपर्यंतचे नव्हे. सकाळी गवतावर दव असते. दुपारी टप्पा घेऊन चार पावले घरंगळणारा चेंडू ओल्या गवतात तेथेच बसतो. शिवाय क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) आणि चेंडू यांच्यामध्ये दवाचे पाणी आले की फिरकी कमी-जास्त होते आणि फटक्यांत सातत्य राहत नाही.

त्यानंतर खुद्द चेंडू. त्याचा गाभा कृत्रिम रबराचा असतो. फटका बसताना तो दाबला जातो आणि क्षणार्धात मूळ आकारावर येताना ती ऊर्जा परत करतो; गार रबर मात्र त्यातील अधिक वाटा आतल्या आत गमावते, म्हणून चेंडू क्लबवरून निघतानाच मंद निघतो. रबर उष्णतेचे वाईट वाहक आहे. रात्रभर पडवीत राहिलेली चेंडूंची पिशवी उन्हात ठेवली, तर साल लवकर कोमट लागते, पण गाभा बराच वेळ गारच राहतो. याची परीक्षा घरच्या घरी होईल : दहा चेंडूंवर खूण करून ते रात्री घरात ठेवावेत, दहा पडवीत ठेवावेत आणि सकाळी आलटून पालटून मारावेत. हवा, दव आणि हात तेच राहतील, त्यामुळे जो फरक दिसेल तो चेंडूचा असेल.

शेवटी शरीर. आखडलेले खांदे आणि दोन थरांचे कपडे यांमुळे स्विंग, म्हणजे क्लबचा झोका, आखूड होतो. माझ्या मते येथेच बहुतेकांची चूक होते, कारण अंतर घटले म्हणून ते जोर लावतात आणि फटका आणखी बिघडतो. त्यापेक्षा सकाळी सहा नंबरचे, म्हणजे थोडे लांब मारणारे, आयर्न घेऊन नेहमीच्याच लयीत मारावे.

प्रश्न : मग स्पर्धेच्या दिवशी चेंडू गरम पाण्यात किंवा शेकोटीजवळ ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : चालणार नाही. गोल्फच्या नियम ४.२ नुसार मुद्दाम तापवून गुणधर्म बदललेल्या चेंडूने फटका मारता येत नाही. तसे केल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद ठरतो. हात शेकण्यास मात्र हरकत नाही. चेंडू आदल्या रात्री गाडीच्या डिकीत न ठेवता घरात आणून ठेवणे ही साधी निगा आहे, त्यालाही कोणी आक्षेप घेणार नाही.

प्रश्न : कृष्णाकाठी दाट धुके असते तेव्हा हवा ओलाव्याने आणखी जड होत असेल ना?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : उलट आहे. पाण्याच्या रेणूचा भार १८, तर नायट्रोजनचा २८ आणि ऑक्सिजनचा ३२; त्यामुळे वाफ मिसळलेली हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. धुक्यातील तरंगणाऱ्या थेंबांचे वजन घनमीटरमागे ग्रॅमच्या अंशाइतकेच असते, त्यामुळे त्याने अंतरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. धुक्याच्या सकाळी चेंडू तोकडा पडतो तो गारठ्याने, दवाने आणि क्लबच्या ओलसर मुठीने. मुठीसाठी कोरडा पंचा जवळ ठेवावा, आणि चेंडू कोठे पडला हे पाहायला एखाद्या मित्राला पुढे, पण बाजूला, उभे करावे.