‘ए आजी, पाणी!’

सल्ल्यासाठी आलेलं लालबागमधलं कुटुंब. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आईबाबा दोघंही नोकरीला, पाच वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यावर आजी-आजोबांजवळ. आईची तक्रार अशी: “आजीला हुकूम सोडतो, आजोबांना ‘गप बस’ म्हणतो. पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते. आमचे संस्कार कुठे कमी पडले?”

संस्कार हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागतो. तो आला की घरात आरोपी शोधणं सुरू होतं, आणि बहुतेक वेळा तो आजीच निघते. इथे चार दिवस फक्त नोंद ठेवायला सांगितली. वहीत तीन रकाने: आधी काय चाललं होतं, मुलगा नेमका काय बोलला, मग मोठ्यांनी काय केलं.

अकरा प्रसंग नोंदले गेले. त्यातले आठ संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मधले. दीडला जेवलेलं पोर, मध्ये नुसतं बिस्किट, हातात मोबाइल आणि आईबाबा नुकतेच लोकलच्या गर्दीतून दमून आलेले. तिसरा रकाना जास्त बोलका होता. सात वेळा लिहिलं होतं, ‘आजीने दिलं’. चार वेळा, ‘बाबा ओरडले’. म्हणजे “ए आजी, पाणी!” म्हटलं की पाणी येतं, हे त्याला पक्कं कळलेलं. आणि बाबांचं वाक्य होतं, “मोठ्यांशी असं बोलतात का रे, गाढवा?” उपदेश बरोबर, पण सूर मुलाचाच.

मुलं सूर आधी उचलतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला मारताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर तसंच मारलं आणि तेच शब्दही वापरले. म्हणून घरातल्या मोठ्यांचंही बोलणं तपासलं. पार्सल घेऊन आलेल्या मुलाशी, भांडीवाल्या मावशींशी, वॉचमनशी आपण कसं बोलतो? या घरात वॉचमनला “ए, लिफ्ट थांबव” असंच म्हटलं जायचं. मुलाने तेच आजीला लावलं, एवढंच.

“आजीला अहो-जाहो करायला लावू का?” असं बाबांनी विचारलं. गरज नव्हती. या घरात आजी ‘तू’ आणि आजोबा ‘तुम्ही’ अशी पद्धत आहे, तीच ठेवली. ‘अगं आजी’मध्ये अनादर नाही, तो हुकमात आहे. पाच वर्षांचं मूल “आजोबा, तू बसा” असंही बोलतं. त्यावर हसू नये, दटावू नये. “हो, आजोबा, तुम्ही बसा” एवढं म्हणून पुढे जावं. क्रियापदं ऐकून ऐकून जागेवर येतात.

मग दोनच वाक्यं निवडली. “आजी, पाणी देतेस का?” आणि “मला राग आलाय, थोडं थांब.” दुसरं वाक्य पालकांना विचित्र वाटतं. पण ‘गप बस’ काढून घेतलं तर त्या जागी काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर राग हातातल्या चमच्यावर निघतो.

सराव संध्याकाळी पाचला, पोटभर खाऊ झाल्यावर, पाच मिनिटं. खोटं खोटं घर मांडायचं आणि भूमिका बदलायच्या. आजी मुलगा झाली आणि “ए, पाणी!” म्हणून ओरडली. आजी झालेला मुलगा आधी खूप हसला, मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, “असं मी देणारच नाही.” इथे थांबायचं. “बघ, आता कळलं ना?” असं म्हटलं की खेळाची शिकवणी होते.

प्रत्यक्ष प्रसंगी जवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, हळू आवाजात एकदाच म्हणायचं, “नीट विचार.” मनात पाचपर्यंत मोजायचं. नीट विचारलं तर लगेच द्यायचं आणि नेमकं काय आवडलं ते सांगायचं: “‘देतेस का’ म्हणालास, म्हणून लगेच उठले.” नुसतं ‘गुड बॉय’ म्हटलं तर त्याला कशाबद्दल ते कळत नाही. नाही विचारलं तर आपलं काम सुरू ठेवायचं. तहानेवर धडा शिकवायचा नाही, म्हणून पाण्याची बाटली त्याच्या हाताला येईल अशी खाली ठेवली. साडेसहाला पोहे किंवा केळं ठरवलं, आणि नोंदीतले निम्मे प्रसंग तिथेच संपले.

दुसऱ्या आठवड्यात मात्र तो जास्त ओरडू लागला. असं होऊ शकतं. जुना उपाय चालेनासा झाला की मूल आधी जोर वाढवून बघतं. नेमकी त्याच वेळी आजीने मालिका चालू असताना दोनदा उठून पाणी दिलं. कधी मिळतं, कधी नाही, असं झालं की सवय आणखी चिवट होते. आजीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मालिकेच्या वेळी मुलाची जबाबदारी बाबांकडे दिली.

‘सॉरी म्हण’ हा आग्रहही सोडायला सांगितला. तो “सॉरी” म्हणून पळत होता. त्याऐवजी राग उतरल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, फेकलेला चमचा त्यानेच उचलून धुवायचा.

पाहुण्यांपुढे “पाया पड” म्हणून मान दाबायची नाही. लांबून हात जोडायचे की नाव सांगायचं, एवढी निवड त्याला द्यावी. पापी किंवा मिठीची सक्ती तर कोणीच करू नये. आपल्या अंगाला कोणी हात लावावा हे ठरवायचा हक्क याच वयात कळायला हवा.

मूल घरी आणि शाळेत, सगळ्यांशीच असं वागत असेल, मारत-चावत असेल, किंवा हाक ऐकू येत नसल्यासारखं सतत मोठ्याने बोलत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि कानही तपासून घ्यावेत.

सहाव्या आठवड्यात आठवड्याला दोन-तीन प्रसंग उरले. मे महिन्यात चुलतभावंडं राहायला आली आणि सगळं पुन्हा बिघडलं. आईने घाबरून फोन केला. वही परत उघडायला सांगितली: तीच दोन वाक्यं, पाचची वेळ, आणि या वेळी खोट्या घरात चुलतभावंडंही.