घरात सगळ्यांकडे मोबाइल आहेत, मग लँडलाइन ठेवावी की बंद करावी?

आधी तुमची लाइन तांब्याची आहे की फायबरची, ते बघा. तांब्याच्या जोडीतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे साधारण ४८ व्होल्ट थेट घरी येतात, म्हणून वीज गेली तरी साधा वायरचा फोन चालतो. कॉर्डलेस मात्र बंद पडतो, त्याच्या बेसला घरची वीज लागते.

फायबरवर हा फायदा उरत नाही. वीज गेली की फायबर जिथे येते तो भिंतीवरचा डबा बंद आणि त्याला जोडलेला फोनही मुका. त्यावर उपाय म्हणजे मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर डबा चालू ठेवणारी छोटी बॅटरी. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुतेकदा १२) आणि अँपिअर वाचा; व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात.

घरात मोबाइलची रेंज धड नसेल किंवा बटणं दाबायची सवय असलेले आजी-आजोबा असतील, तर ठेवा. नुसतं 'असू दे' म्हणून भाडं भरण्यात अर्थ नाही. तसंही ओटीपी मोबाइलवरच येतो. रेंजचीच अडचण असेल आणि ब्रॉडबँड असेल, तर आधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून बघा.

बंद करायचं ठरलं तर बँक, गॅस एजन्सी, सोसायटीकडचा नंबर आधी बदला. फोन, मोडेम परत केल्याची पावती घ्या, नाहीतर अनामत रक्कम अडकते.