डॉक्टरचा कोट काढा, काकू आणा

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजचा रेड रिबन क्लब, म्हणजे एड्सबद्दल जागृती करणारा मुलांचा गट, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, एचआयव्हीवर ऑनलाइन सेशन घेतोय. सगळ्यांनी कार्टून अवतार करून यायचं, कॅमेरा बंद, नाव काहीही टाका. सर म्हणतात हा पोरखेळ आहे. खरंच उपयोग होतो का? आणि अवतार कसे ठेवू?
– एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : अगं, आपल्याकडे ‘काय अवतार करून आलीयेस’ म्हणजे आईची बोलणीच, त्यामुळे सरांना तो शब्दच खटकला असेल. त्यांना सांग, मी पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये टेस्टिंग सेंटरला काउन्सेलर होते तेव्हा रोज एक तरी माणूस समोर बसायचा, पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, मित्रासाठी विचारतोय.’ आता तो मित्र म्हणजे अवतारच की! तोंड लपलं की प्रश्न बाहेर येतो, एवढंच आहे त्यात, आणि ते काही कमी नाही.

पण लपायची सोय विचारणाऱ्याला हवी, उत्तर देणाऱ्याने लपू नये. उत्तरं खरा काउन्सेलर देतोय हे सुरुवातीलाच सांगा.

आम्ही एकदा असं सेशन केलं तेव्हा पोरांनी मला पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप असा अवतार दिला आणि वीस मिनिटं चॅटमध्ये नुसतं ‘येस मॅम’, ‘ओके मॅम’. मग एकीने वैतागून माझी काकू करून टाकली, नऊवारी, नथ, हातात भाजीची पिशवी, आणि बाई गं, प्रश्नांची नुसती रांग. डास चावला तर होतो का, एकाच ग्लासातून पाणी प्यायलो तर, (नाही आणि नाही), आणि मग हळूच कोणीतरी, कंडोम फाटला तर काय. मला वाटतं तो शेवटचा प्रश्न कोटाला कोणी विचारलाच नसता.

आता एक चूक तू करू नकोस. एचआयव्ही असलेल्या माणसाचा अवतार बनवताना पोरं हमखास खप्पड गाल, काळी वर्तुळं, मागे कवटी असलं काढतात, जुन्या पोस्टरसारखं. ते पूर्ण बंद. सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, २००४ पासून औषध फुकट मिळतंय, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आणि ती नीट घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे तो अवतार सकाळी ८.४२ ची लोकल पकडायला धावणारा कोणीही दिसला पाहिजे. आणि माणूस अवतारासारखा वागायलाही लागतो बरं का, २००७ मध्ये यी आणि बेलेन्सन या संशोधकांच्या प्रयोगात उंच अवतार मिळालेले लोक पैशाच्या घासाघिशीत जास्त ताठ राहिले होते. मग कवटी बघून एखादा टेस्टला येईल का पळेल, सांग बरं.

आणि लॉगिनचं नाव आधी तपासा. आमच्याकडे एक मुलगा वाघाचा अवतार करून आला, झकास, पण फोन वडिलांचा, त्यामुळे वाघाच्या डोक्यावर वडिलांचं अख्खं नाव आडनावासकट. बिचारा एक शब्द बोलला नाही नंतर.

प्रश्न : ताई, शनिवारी रात्री माझ्याकडून प्रोटेक्शनशिवाय झालं. एका अ‍ॅपवर डॉक्टरसारखा बोलणारा अवतार आहे, त्याला विचारलं तर म्हणाला घाबरू नका, पॉझिटिव्ह राहा. आता काय करू?
– नाव नको, कुर्ला

उत्तर : पॉझिटिव्ह राहा? एचआयव्हीच्या प्रश्नाला? असो. राग याचा येतो की त्याने कामाचं एकच वाक्य सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. अशा वेळी ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि पीईपीबद्दल, म्हणजे संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधाबद्दल, विचारायचं, डॉक्टरांना गरज वाटली तर २८ दिवसांच्या गोळ्या सुरू होतात. तुझं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत ते तास उलटून गेले रे बाबा, मासिकाला तेवढी घाई जमत नाही.

आता असं कर. केईएम, सायन, नायर, जे तुला जवळ पडेल तिथल्या टेस्टिंग सेंटरला जा, टेस्ट फुकट आहे, तुझ्या संमतीशिवाय करत नाहीत आणि रिझल्ट गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आज निगेटिव्ह आली तरी नाचू नकोस, लागण लगेच दिसत नाही, शनिवारपासून तीन महिने झाले की परत कर, तोवर कंडोम. रात्री झोप लागेना तर १०९७ ला फोन लाव, फुकट आहे, माणूस बोलतो तिकडून.

आणि परळवाली, तू हे वाचत असशील तर तुझ्या काकूच्या तोंडी ७२ तासांचं वाक्य आधी घाल, मेणबत्तीवाली स्लाइड नंतर.