खाजनातले भात: जीन (जनुक) बियाण्यात असला, तरी मानस (खाडीचे पाणी अडवणारे दार) बंदच हवी

प्रश्न (तिसवाडी, गोवा): मे महिन्यात बांध फुटून खाजनात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतात) खारे पाणी शिरले. ज्योती या भातजातीचा तरवा (रोपे) लावणीनंतर टोकाकडून करपतो, शेजारचा कोरगूट हा स्थानिक भात मात्र उभा राहतो. दोन्ही शेजारी लावले तर कोरगुटाचा गुण ज्योतीत उतरेल का? यंदा काय पेरावे?

उत्तर: शेजारी लावून गुण उतरत नाही, भात स्वपरागी पीक आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळते.

मुळे पाणी ओढतात तेव्हा सोडियमही वर चढतो. एचकेटी १;५ हा जीन जिथे जोमाने काम करतो, तिथे त्याचे प्रथिन मुळातल्या जलवाहिनीतून सोडियम बाजूच्या पेशींत परत खेचते. पानांपर्यंत तो कमी पोचतो, पोटॅशियम टिकते. हा जीन २००५ मध्ये बंगालच्या नोना बोक्रा भातात ओळखला गेला. केरळच्या पोक्काली भातातला, खार सोसायला मदत करणारा 'सॉल्टॉल' भागही त्याच पहिल्या गुणसूत्रावर आहे. दुसरा एक जीन, एनएचएक्स, पानात शिरलेला सोडियम पेशीच्या रिक्तिकेत (आतल्या पोकळीत) कोंडतो. असे जीन चांगल्या जातीत आणायला संकर करून पिढ्यान्पिढ्या मार्करने (डीएनएतल्या खुणेने) निवड करावी लागते.

त्यासाठी थांबू नका. कोरगुटातूनच निवडलेल्या गोवा धान १ आणि २ या जाती आहेत. बियाण्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा.

मात्र सॉल्टॉलचा आधार मुख्यतः रोप लहान असताना मिळतो. भात दोन वेळा नाजूक असतो, २-३ पानांवर आणि फुलोऱ्यात, आणि फुलोऱ्यातली सहनशीलता वेगळ्या जीनांवर चालते. म्हणून पेरणीची तारीख महत्त्वाची. १२० दिवसांची जात जूनच्या मध्यात पेरली तर सप्टेंबरच्या मध्यात, पाऊस असतानाच, फुलते. उशीर झाला की पाऊस ओसरतो, खालचा खार वर येतो आणि दाणे पोचट राहतात.

आधी बांध बुजवा आणि मानशीच्या फळ्या तपासा. भरतीला पाणी झिरपत असेल तर कोणतेही बी पुरणार नाही. पहिल्या पावसाचे पाणी १० सेंमी साचू द्या, दोन-तीन दिवसांनी ओहोटीला सोडा. असे तीनदा करा. मग ०-१५ सेंमी मातीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप) तपासून घ्या. सामान्य भाताचे उत्पन्न संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की दर एककाला सुमारे १२ टक्के घटते. ६ ला तिसरा हिस्सा गेलाच. अहवाल १:२.५ द्रावणाचा (एक भाग मातीला अडीच भाग पाणी) असेल तर आकडा कमी दिसतो, त्यावर निर्धास्त होऊ नका.

तरवा मोरडीच्या (उंचावरच्या जमिनीच्या) गोड पाण्यावर करा, १००० चौ.मी. साठी ५-६ किलो बी. रोपे ३०-३५ दिवसांची, चुडात (एका जागी) ३-४, अंतर १५ × १५ सेंमी. युरिया तीन हप्त्यांत, पाणी उतरवून द्या. पाऊस उघडला तरी शेत सुकू देऊ नका, ५ सेंमी पाणी ठेवा.

जिप्सम ऐकीव माहितीवर टाकू नका: ते चोपण (सोडियमने घट्ट झालेल्या) जमिनीचे औषध आहे, आपल्या आम्लधर्मी खाजनात खार धुतला जातो तो पावसानेच. आणि पानांवर टोकाऐवजी तपकिरी ठिपके पसरत असतील तर तो बहुधा लोहाचा त्रास असतो; शेतातले पाणी काही दिवस काढून ठेवा.