पोलोत १ लाख ८५ हजारांचे कॉइलओव्हर टाकू का?

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, कारण एवढ्या प्रामाणिकपणे आकडे लिहून पाठवणारे लोक कमी असतात. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वय ३१, पुण्यात कोथरूडला राहता, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला ऑफिस, दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला आईवडिलांकडे फेरी. गाडी २०१९ ची पोलो जीटी टीएसआय, ६८ हजार किलोमीटर झालेली, लोन फिटलंय. हातात पगार ९२ हजार येतो, त्यातून फ्लॅटचा हप्ता ३८, घरखर्च ३०, एसआयपी १५, म्हणजे मागे राहतात ९ हजार. बँकेत अडीअडचणीसाठी १ लाख ४० हजार, फंडांमध्ये २ लाख ६० हजार. आणि आता उंची आणि कडकपणा दोन्ही अॅडजस्ट होणारे कॉइलओव्हर (म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला सस्पेन्शनचा सेट) टाकायचेत, फिटिंग धरून कोटेशन १ लाख ८५ हजारांचं. प्रश्न असा, की पर्सनल लोन घेऊ, एक वर्ष एसआयपी थांबवू, का फंड विकू.

आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. आत्ता घेऊ नका. गाडीवर खर्च करूच नका असं मात्र मी म्हणत नाहीये, उलट यंदाच्या बोनसमधून गाडीवर खर्च कराच, फक्त वेगळ्या गोष्टीवर.

कारण तुमच्याच मेलमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की हायवेला ९० च्या पुढे गाडी तरंगल्यासारखी वाटते, खंबाटकी उतरताना वळणावर अंग टाकते, खड्ड्यातून गेली की पुढून 'खट' असा आवाज येतो आणि मागे बसलेल्या आईची कंबर धरते. आता मला सांगा, ही लक्षणं परफॉर्मन्स सस्पेन्शन नसल्याची आहेत का शॉकअप संपल्याची? ६८ हजार किलोमीटर, तेही पुण्याच्या रस्त्यांवर, कंपनीतून आले तेच शॉकअप, तेच टॉप माउंट (शॉकअपच्या डोक्यावरचा रबरी आधार), तेच बंपस्टॉप (चाक फार वर आलं की अडवणारं रबर). तुम्ही मेलेल्या शॉकअपची तुलना नव्याकोऱ्या कॉइलओव्हरशी करताय, आणि ज्याच्या गाडीत बसून तुम्हाला हा मोह झाला त्याचंही बहुतेक हेच झालं असणार. जुनं काढून काहीही नवीन टाकलं तरी फरक जाणवतोच, मग सगळं श्रेय त्या महागाच्या पार्टला जातं.

आणि गंमत बघा, त्याच गॅरेजच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर पर्याय दिलेलाय: ओरिजिनल शॉकअप चारही, माउंट, बंपस्टॉप, बुश (सांध्यांमधली रबरं), लेबर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), सगळं मिळून ३८ हजार. तुम्ही त्याच्यापुढे 'बोअरिंग' लिहून सोडून दिलंत. माझ्या दृष्टीने त्या अख्ख्या कोटेशनमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

आता पैशाकडे येऊ. १ लाख ८५ हजार, साडेतेरा टक्के, दोन वर्षं, तुम्ही बँकेचा रेट दिलाय त्यावरून हप्ता बसतो ८,८३९ रुपये. व्याज २७ हजारांच्या वर, शिवाय दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी असे अजून ४,३६६. म्हणजे कॉइलओव्हर पडले साधारण २ लाख साडेसोळा हजाराला. पण मला व्याजापेक्षा दुसरा आकडा जास्त टोचतो. मागे उरतात ९ हजार, हप्ता जातो ८,८३९. शिल्लक १६१ रुपये. दोन वर्षं दर महिन्याला १६१ रुपये, आणि त्या दोन वर्षांत पंक्चर नाही, लग्नाचा आहेर नाही, आईचा एमआरआय नाही, काहीच निघायचं नाही. हे कसं जमणार?

एसआयपी थांबवायचा पर्याय दिसायला सोपा आहे, १५ हजार गुणिले १२, झाले १ लाख ८० हजार. इथे 'हेच पैसे वीस वर्षांत किती झाले असते' वगैरे गणित मांडून मी तुम्हाला घाबरवणार नाही, तसं बघितलं तर माणसाने चहासुद्धा पिऊ नये. माझी अडचण वेगळी आहे, थांबवलेली एसआयपी बरोबर बाराव्या महिन्यानंतर सुरू करणारे लोक मी फार कमी बघितलेत, काहीतरी दुसरं येतंच. फंड विकायचा म्हणाल तर टॅक्सचा फार प्रश्न नाही, वर्षाच्या वरच्या इक्विटी युनिट्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि तुमचा नफा तेवढा नाहीच, वर्षाच्या आतल्या युनिट्सवर मात्र नफ्याच्या २० टक्के जातील. पण २ लाख ६० मधले १ लाख ८५ काढले तर उरलं काय? आतापर्यंतची शिस्त एका शनिवारी गॅरेजमध्ये ठेवून यायची, हे मला पटत नाही.

तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च ६८ हजार आहे. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे ४ लाख ८ हजार, तुमच्याकडे आहेत १ लाख ४०, म्हणजे जेमतेम दोन महिने. आणि तुम्ही आयटीत आहात, बेंचवर (प्रोजेक्टविना) बसलेल्या मित्रांचे किस्से तुम्हीच मला सांगाल. शिवाय गाडीचाही एक धोका तुम्ही मोजलेला नाही. तुमच्या पोलोत सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, मेकॅट्रॉनिकचं (त्या गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचं) काम निघालं तर खर्चाची भाषा हजारात नसते, लाखात असते, हे पोलोवाल्यांना मी सांगायला नको. वॉरंटी संपलेली आहे. उद्या गिअरबॉक्सने मान टाकली तर गाडी दारात उभी, खाली चकचकीत कॉइलओव्हर आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, अशी वेळ यायला नको.

बरं, आता समजा पैसे आहेत, तरी रोजच्या गाडीला ही वस्तू कशी पडते ते बघू, कारण खर्च कोटेशनवर संपत नाही. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. तुम्हाला गाडी ३० मिलिमीटर खाली हवीय, राहिले १३५. चार माणसं आणि साताऱ्याहून येताना डिकीत तांदळाचं पोतं टाकलं की अजून कमी. रस्ते बांधणीच्या नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढ-उतार असलेला असतो, त्याच्यावरून निघून जाल. पण तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा तसा आहे का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती पायरीच असते. आणि गाडी खाली आणली की चाकाला वर यायला जागा कमी राहते, खड्ड्यात चाक बंपस्टॉपला जाऊन आपटतं, तो दणका सरळ मागच्या सीटवर. आईंच्या कंबरेचा विचार करूनच तुम्ही हे करताय असं लिहिलंय, तर मग हा उपाय नेमका उलटा होतोय.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या एका क्लायंटबरोबर अलाइनमेंटवाल्याकडे गेलो होतो, त्यानेही रोजच्या हॅचबॅकला असाच सेट टाकलेला. गाडी लिफ्टवर घेतली, मेकॅनिकने मला बोलावून टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायला लावला. बाहेरून बघितलं तर नक्षी छान शिल्लक होती, आतली कड मात्र गुळगुळीत आणि एका जागी तर तारा हाताला लागत होत्या. गाडी खाली आणल्यावर चाकं आत कलली आणि अलाइनमेंट एकदाच केलेलं, त्यानंतर त्याने घरीच दोनदा उंची बदलली. मग उंची परत वाढवायला मेकॅनिकने शॉकअपच्या आट्यांवरची कॉलर फिरवायला घेतली, ताम्हिणीच्या चिखलाने आणि गंजाने ती अशी धरलेली की आकड्याच्या पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळले तरी हलेना. तासभर वायर ब्रश आणि स्प्रे मारून पुढची डावी सुटली, उजवी सुटलीच नाही. अॅडजस्ट होतं म्हणून जास्तीचे पैसे मोजलेली वस्तू अॅडजस्ट होत नव्हती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, कारण चार नवीन टायरचे पैसे त्याने माझ्यासमोर कार्डावर टाकले.

म्हणून मी विचारतो, ती अॅडजस्टमेंट तुम्ही वर्षातून किती वेळा वापरणार? कडकपणाची क्लिक बदलायला दोन मिनिटं लागतात, मान्य, पण एका नॉबवाल्या बहुतेक सेटमध्ये त्याने मुख्यतः रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग) बदलतो, स्प्रिंग कडक ती कडकच राहते. आणि उंची बदलली की दरवेळी अलाइनमेंट आलंच. जो माणूस वर्षातून तीन-चार वेळा कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर जातो त्याला याचा उपयोग आहे, तो लॅप टाइम बघतो, टायरचं तापमान बघतो. तुम्ही 'कधीतरी जायचंय' लिहिलंय. शिवाय पोलोच्या मागच्या बाजूला ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे मागे ते खऱ्या अर्थाने कॉइलओव्हर नसतातच, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला परवानगी देत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं, आणि बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी वाकून शॉकअप बघत नाही हे मलाही माहितीय, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बघतो. कंपनीला लेखी न कळवता केलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला आयतं कारण, आणि तो क्लेम तुमच्या कॉइलओव्हरपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. विकताना पण तेच, जुनी पोलो घेणारा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच गाडी शोधतो, या १ लाख ८५ हजारांचे तो वेगळे पैसे देत नाही.

मग करायचं काय? दिवाळीचे ६० हजार हातात येणारेत म्हणालात. त्यातले ३८ हजार शॉकअपला घाला, बिनधास्त घाला, हा चैनीचा खर्च नाहीच, ब्रेक लागण्याशी आणि रस्ता धरण्याशी याचा थेट संबंध आहे. तुम्हाला अगदीच ओरिजिनल नको असतील तर उंची आहे तीच ठेवून जरा घट्ट डॅम्पर (म्हणजे शॉकअपच) मिळतात, उदाहरणार्थ बिल्स्टाइनचे बी६ हे स्टॉक स्प्रिंगवरच बसायला बनवलेत (बी८ नको, ते खाली आणलेल्या गाडीसाठी असतात), कोनीच्या पिवळ्यांमध्ये तर रिबाउंड अॅडजस्ट पण होतो. तुमच्या मॉडेलला नेमका कुठला बसतो आणि इथे काय भावाने मिळतो हे दोन ठिकाणी विचारा. विम्याला मात्र तेही कळवायचंच. आणि तुमचं कोटेशन ऑगस्टचं आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी सरसकट १८ झालाय, तेव्हा काहीही घ्या, नवीन कोटेशन मागा.

उरलेले २२ हजार इमर्जन्सीमध्ये. दर महिन्याच्या ९ हजारांतले ५ इमर्जन्सीला आणि ४ एका वेगळ्या आरडीत, तिला खुशाल 'गाडी' असं नाव द्या. पुढच्या दोन्ही दिवाळी बोनसचे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन वर्षांत व्याज सोडून इमर्जन्सी ३ लाख ४२ हजार होते आणि गाडीचा डबा १ लाख ५६ हजार. तेव्हाही कॉइलओव्हर हवेसे वाटले तर रोख घ्या, मी एका शब्दाने अडवणार नाही, माणसाला एक तरी वेड असावं आणि त्याचे पैसे त्याने ताठ मानेने द्यावेत. फक्त घेताना एक विचारा, सील गेलं तर रीबिल्ड भारतात होतो का परदेशी पाठवावं लागतं. आणि जुने स्टॉक शॉकअप भंगारात देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. आईवडिलांचा हेल्थ इन्शुरन्स फक्त तुमच्या ऑफिसचा आहे. नोकरी गेली की तो गेला, आणि आई ६२ च्या आहेत. वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवरचा जीएसटी त्याच २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय. त्यासाठी एसआयपी १५ ची ११ हजारांवर आणलीत तरी मला चालेल, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. कंबरेचं जुनं दुखणं फॉर्ममध्ये लपवू नका, वेटिंग पिरियड लागला तर लागू दे, तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा.

शॉकअप बदलून झाले की पहिली साताऱ्याची फेरी करा, येताना आईंना मागे बसवून खंबाटकीतून आणा, आणि घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी वहीत लिहा की अजून नेमकं काय कमी वाटलं: वळणात अंग टाकणं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, का स्टिअरिंगचा सुस्तपणा. ते पान फोटो काढून मला पाठवा. स्टिअरिंग सुस्त वाटत असेल तर आधी टायरबद्दल बोलू.