सौमित्र चटर्जी नट की कवी?

प्रश्न : लेकीची बदली कोलकात्याला झाली म्हणून महिनाभर तिच्याकडे राहून आले. शेजारच्या बंगाली काकूंच्या कपाटात सौमित्र चटर्जींची पुस्तकं होती, मी म्हटलं हे तर सिनेमातले ना, तर काकू म्हणाल्या, आमचे कवी आहेत ते. खरंच एवढं लिहायचे का, की नाव मोठं म्हणून पुस्तकं निघाली? आणि मग आपल्याला ते एवढे कमी कसे माहीत? सुरुवात कुठून करू तेही सांगा. (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, काकूंचं अगदी बरोबर आहे, आणि नावामुळे पुस्तकं निघाली असं तर अजिबातच नाही. सौमित्रबाबूंचा जन्म 1935 चा, लहानपण कृष्णनगरला गेलं, कोलकात्याच्या सिटी कॉलेजमधून बांगला साहित्य घेऊन बीए केलं, बंगाली रंगभूमीवरचे मोठे नट शिशिर भादुरी यांची नाटकं बघून रंगभूमीचं वेड लागलं, मग आकाशवाणीवर अनाउन्सर झाले. म्हणजे कविता, नाटक, वाचन हे सगळं सिनेमाच्या आधीचं. 1959 साली त्यांचा पहिला सिनेमा 'अपूर संसार' आला आणि दोनच वर्षांनी, म्हणजे अगदी हिरो म्हणून गाजत असताना, त्यांनी निर्माल्य आचार्य यांच्याबरोबर 'एक्षण' नावाचं साहित्याचं नियतकालिक सुरू केलं. स्टार माणूस नियतकालिक चालवतोय, लेख मागवतोय, प्रुफं बघतोय, असं चित्र आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं का बघा! कव्हरं 'अपूर संसार'चे दिग्दर्शक सत्यजित राय स्वतः काढून द्यायचे. कवितांची पुस्तकं, नाटकं, रायांबरोबरच्या दिवसांवरचं पुस्तक हे सगळं त्याच हातातलं.

आता हातावरून आठवलं म्हणून सांगतो, कारण माझ्या मते त्यांचं सगळं मोठेपण या एका गोष्टीत दिसतं. रायांचा 'चारुलता' 1964 चा, पण गोष्ट घडते 1879 च्या आसपास, आणि त्यात सौमित्रबाबूंनी केलेला अमल हा लिहिणारा पोरगा. बंगालीत रवींद्रनाथांच्या अक्षराची छाप पुढे सगळ्यांवर पडली, सौमित्रबाबूंवरही होती, पण अमलच्या काळात ते वळण यायचं कुठून? म्हणून रायांनी त्यांना जुनं वळण गिरवायला लावलं आणि त्यांनी ते महिनोन्महिने गिरवलं, आणि पुढे त्यांचं स्वतःचं अक्षरच त्यामुळे बदलून गेलं. बागेतला तो सीन बघाल तेव्हा लक्ष ठेवा, नायिका चारू झोक्यावर आहे, अमल चटईवर पालथा पडून वहीत लिहितोय. लिहिण्याची नक्कल करणारा माणूस आणि खरंच लिहिणारा माणूस यातला फरक तिथे कळतो, पेन कुठे थांबतं त्यावरून कळतो.

गंमत अशी की पहिल्याच सिनेमात त्यांनी लेखकच केला होता. 'अपूर संसार'चा नायक अपू कादंबरी लिहीत असतो, बायको बाळंतपणात जाते आणि पुढे तो डोंगरावर उभा राहून त्या कादंबरीची पानं हातातून सोडून देतो. मी हे पहिल्यांदा फिल्म सोसायटीत लोखंडी खुर्चीवर बसून बघितलं, ती पानं खाली झाडीत तरंगत जाताना आमच्या हॉलमध्ये कुणी हललंसुद्धा नाही, आजही आठवलं की घशात काहीतरी येतं.

आपल्याला ते कमी माहीत असण्याचं कारण सोपं आहे, ते मुंबईला आलेच नाहीत. हिंदीतून विचारणा होत होती, पण तिकडे गेलो तर लिखाणाला मोकळीक राहणार नाही असं त्यांना वाटायचं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. रायांबरोबर 14 सिनेमे केले, तपन सिन्हा, मृणाल सेन या दिग्दर्शकांबरोबरही केले, आणि पंचाहत्तरीला आल्यावर 2010 मध्ये स्टेजवर शेक्सपियरचा राजा लियर केला! सत्तरच्या दशकात पद्मश्री नाकारली होती, पद्मभूषण 2004 मध्ये घेतलं, 2011 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. नॅशनल अवॉर्ड बेस्ट अॅक्टरचं मात्र 'पदक्षेप' या सिनेमासाठी, तेही सत्तरी ओलांडल्यावर, हे मला अजून खटकतं. 15 नोव्हेंबर 2020 ला ते गेले, कोविड झाला होता, त्यातून पुढे गुंतागुंत वाढत गेली.

सुरुवात 'अपूर संसार'पासूनच करा, सबटायटल लावून. घरात मुलं असतील तर 'सोनार केल्ला' लावा, त्यात ते रायांच्या गोष्टींमधला गुप्तहेर फेलुदा आहेत आणि जैसलमेरचा किल्ला आहे, फेलुदाच्या गोष्टी मराठीतही आल्यात त्यामुळे मुलांना आधी वाचायला देता येतील. मग 'चारुलता'. 'अभियान'मध्ये टॅक्सी चालवणारा रांगडा राजपूत नरसिंग बघितलात की हाच का तो अमल असं वाटेल. 'अशनि संकेत' 1943 च्या दुष्काळावरचा आहे, मन घट्ट असेल त्या दिवशीच बघा. आणि लेकीकडे परत गेलात की काकूंना म्हणा, कपाटातल्या त्या पुस्तकांतली एक कविता मोठ्यांदा वाचून दाखवा, अर्थ मागाहून विचारा. आपल्या कानाला निम्मे शब्द ओळखीचे लागतात.